दार वाजलं नव्हतं

बातमी आली तेव्हा मी एका आठ मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होतो. लिफ्टची दुरुस्ती हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. टपावर असताना फोन घ्यायचा नाही, हा आमचा पहिला नियम. म्हणून खिशात तो तीनदा थरथरला तरी मी दोराला ग्रीस लावत राहिलो. खाली उतरून पाहिलं, तिन्ही फोन मावशींचे. मावशी म्हणजे माझी थोरली बहीण, ताई, ऑफिसात असताना दिवसभर आईजवळ थांबणाऱ्या बाई.

"ताई ऑफिसात बसल्या जागी गेल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी डबा घेऊन निघाल्या होत्या हो..." मग आवाज खाली आणत म्हणाल्या, "आजींना मी काही बोलले नाही. ते तुम्हीच सांगा."

तो मंगळवार. बुधवारी सकाळी ताईचं सगळं उरकलं आणि दुपारी चारच्या सुमारास मी आईचं दार वाजवलं. दोन वर्षांनी. भांडण वगैरे काही नव्हतं. दर महिन्याला मी 'पुढच्या महिन्यात येतो' म्हणायचो, एवढंच.

आई खिडकीपाशी बसली होती. समोर एक रिकामी खुर्ची. गेली चार वर्षं तिला गोष्टी आठवत नाहीत, त्यामुळे ती मला ओळखणार नाही अशी मनाची तयारी करून आलो होतो. तिने शांतपणे मान वर केली.

"आलास? आज दार का वाजवलंस?"

मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी 'चालायचंच' अशी मान हलवली. सांगायचं ते मी उद्यावर ढकललं.

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. आईच्या रक्त पातळ करायच्या गोळीचं प्रमाण दर आठवड्याला बदलतं. जास्त झालं तर आत रक्त वाहणार, कमी झालं तर गुठळी. "मागच्या तीन महिन्यांची नोंद पाहिल्याशिवाय मी पुढचं लिहिणार नाही," बाई म्हणाल्या. "ताईंच्या तक्त्यात सगळं असायचं. सोमवारी आणा."

तक्ता सापडला. ताईचा जुना लॅपटॉप मावशींसाठी उघडाच असायचा. पण फाईलमध्ये दोनच रकाने दिसत होते. एकात तारीख आणि दुसऱ्यात मावशींनी रोज लिहायचं 'गोळी दिली'. मधले सगळे रकाने दडवलेले. दुसरीकडे कुठेही बोट लावलं की पाटी यायची: पान संरक्षित आहे, पासवर्ड द्या. ताईची जन्मतारीख घातली, आईची घातली, शेवटी लाजत लाजत माझीही घालून पाहिली. एकही लागली नाही.

ऑफिसात ताईच्या शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या गृहस्थांना फोन केला.

"अहो, तुमच्या ताईंनी आमच्या चहाच्या पाळ्यांच्या यादीलासुद्धा पासवर्ड लावला होता," ते म्हणाले. हसले, आणि मध्येच थांबले. मग म्हणाले, "फाईल उघडतेय ना? मग सोपं आहे. कुलूप फोडायचं नाही. कुलूप आहे असं जिथं लिहिलंय, ती ओळच खोडायची."

त्यांनी सांगितलं तसं रविवारी दुपारी केलं. आई खिडकीपाशी डुलक्या घेत होती. पडदा ओढलेला होता, खोलीत अर्धवट उजेड. फाईलची प्रत काढली. नावाच्या शेपटीची, म्हणजे टिंबानंतरची, अक्षरं पुसून तिथं झिप लिहिलं. फाईल पिशवीसारखी उघडली. आत आमच्या पानाचा मजकूर सापडला, कंसांची आणि आकड्यांची नुसती दाटी. त्यात संरक्षणाची ती एक ओळ होती. ती पुसली, पिशवी मिटली, शेपटी होती तशी लावली. दडवलेले रकाने उलगडले.

गोळ्यांचं प्रमाण, रक्ताचे अहवाल, झोपेचे तास. सगळं ताईच्या शिस्तीत. सोमवारसाठी मी ते कागदावर उतरवून घेतलं. माझं काम झालं होतं. पण उजवीकडे, अगदी शेवटी, आणखी एक रकाना होता. वर लिहिलं होतं 'चार वाजता'.

"धाकटा आला म्हणते. समोरच्या खुर्चीत बसला म्हणते. दार वाजलं नव्हतं."

खाली रोज तेच. धाकटा म्हणजे मी. दोन वर्षं, जवळजवळ रोज.

"धाकटा आला म्हणते. उजव्या तळहाताला पट्टी आहे म्हणते. दार वाजलं नव्हतं." मी तारीख पाहिली. त्या दिवशी लिफ्टच्या दोराने माझा तळहात फाडला होता, सात टाके पडले होते. काळजी नको म्हणून घरी कळवलं नव्हतं.

पुढे ताईची वाक्यं बदलत गेली.

"आज मी घरी होते. खुर्ची रिकामी. पण खोलीत ग्रीसचा वास."

"दोन कप चहा ठेवला. दुसरा निम्मा झाला."

"आईला म्हटलं, विचार त्याला, खरंच कधी येणार. आई म्हणाली, पुढच्या महिन्यात म्हणतो."

इथे मी तळहात मांडीवर घासला. टाक्यांची खूण खाजत होती.

शेवटची नोंद सोमवारची. मंगळवारचं घर रिकामं. मी फाईल मिटायला गेलो आणि खाली बुधवारच्या घरात अक्षरं दिसली.

"धाकटा आला. दार वाजलं."

मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना विचारलं. "मला ते एकच घर भरता येतं हो," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे बोट लावलं की तो ओरडतो." त्या गृहस्थांना परत फोन लावला. पासवर्ड नसताना त्या रकान्यात कोणी लिहू शकेल का, एवढंच विचारलं.

"एक टिंबही पडणार नाही," ते म्हणाले. "का हो?... काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

खोलीत परतलो तेव्हा आई जागी होती. समोरच्या खुर्चीपुढून तिने पाय बाजूला घेतले, कुणाला बसायला जागा द्यावी तसे.

"आलीस? दमलीस गं..." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "धाकट्या, ताईला चहा दे ना."

मी दाराकडे कान दिला. जिन्यावर पाऊल नव्हतं, कडीचा आवाज नव्हता. खोलीत निलगिरी तेलाचा वास येत होता. ताईला बारा महिने सर्दी असायची, तिच्या रुमालाला तो वास कायम असे.

मी तीन कप चहा केला.

डॉक्टरीणबाईंनी नोंद पाहून गोळीचं प्रमाण लिहून दिलं. आईची तब्येत ठीक आहे. मी इथेच राहिलो आहे आणि रोज संध्याकाळी तो शेवटचा रकाना मी भरतो: ताई आली म्हणते. दार वाजलं नव्हतं.

ताई गेली, हे आईला सांगायचं अजून राहिलं आहे.