कोरेश राजाचं वचन

नाताळ आठ दिवसांवर आला होता आणि गोव्यातल्या चोपडे गावचा कृष्णनाथ सकाळपासून तिसऱ्यांदा मिशी कोरत बसला होता.

"पुरो आता," त्याची बायको सरस्वती म्हणाली. "थोडी तरी उरूं दी!"

एवढ्या नटण्याला कारण होतं. तीस वर्षं दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, गाजवलेला हा माणूस गेल्या जत्रेत भर रंगमंचावर मुका झाला होता. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथा ऐकायची आणि उभ्या उभ्या आपल्या मनाने बोलायचं. त्या दिवशी तोंडात शब्दच आला नाही. मंडळाचा मालक भिकाजी याने त्याला दुसऱ्या दिवसापासून द्वारपाल केलं. आता कपेलातल्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चमधल्या, नाताळच्या नाटकाला राजा हवा होता, आणि बघायला भिकाजी येणार होता. जीभ चालली तर राजपार्ट परत. नाहीतर जन्मभर भाला धरून उभं राहायचं.

बायबलातली ती कथा नाटक बसवणाऱ्या फिलोमिना टीचरने सांगितली. कोरेश हा इराणचा बादशहा. कैदेतल्या लोकांना त्याने घरी सोडलं, त्यांचं मोडलेलं देऊळ परत बांधायला लावलं. तो जन्मायच्या कितीतरी आधी संदेष्ट्याने त्याचं नाव घेऊन ठेवलं होतं.

"तो तुमच्या धर्माचो?" कृष्णनाथने विचारलं.

"न्हय तर! तेका आमचो देव ठावक नासलो. पूण देवाक तो ठावक आसलो. देवान तेचो उजवो हात धरललो, म्हणान तो जिकलो."

"मग राजा काय म्हणता?"

"कायच ना. तेका कळूंकच ना."

देव बोलतो आणि राजा गप्प बसतो, हे कृष्णनाथला मुळीच पटलं नाही.

त्याच दुपारी चारला कपेलाचा नदीकाठचा मांडव खचाखच भरला. पडद्यामागून टीचरने देवाची वाणी म्हटली. कृष्णनाथने तोंड उघडलं, आणि काही नाही. पहिल्या रांगेत भिकाजी मान खाली घालून पायाने चपला शोधू लागला.

तेवढ्यात कोणीतरी कृष्णनाथचा उजवा हात धरला.

मोठा, कोरडा हात. भट्टीतून आत्ताच काढलेल्या पावासारखा गरम. आणि जीभ सुटली! त्याच्या बोलण्यात बेड्या तुटल्या, वेशी उघडल्या, कैद्यांच्या रांगा घरची वाट चालू लागल्या. माणसं खुर्च्यांवर चढली, बायका डोळे पुसू लागल्या. भिकाजी अनवाणीच उभा राहिला.

त्या भरात कृष्णनाथने दशावतारातला प्रत्येक राजा आकाशवाणी ऐकल्यावर करतो तेच केलं. त्याने वचन दिलं.

"हे अनोळखी देवा! तू सोडीपर्यंत हा उजवा हात तुझा! हा राजाचा शब्द!"

मांडव टाळ्यांनी दणाणला.

"टीचर," उतरल्यावर त्याने धापा टाकत विचारलं, "माझो हात धरूंक कोणाक उबो केललो?"

"कोणाकच ना. उजवेकडेन न्हंयच आसा मरे." टीचरने मांडवाला लागून वाहणाऱ्या नदीकडे बोट दाखवलं.

तो हसला. विचार करायला सवड कुठे होती? भिकाजीने त्याला मिठीच मारली. "आयतारा राजपार्ट तुझो!" कृष्णनाथला सगळ्यांसमोर रडू फुटलं.

घरी तो डाव्या हाताने जेवला. सरस्वती रागावली. "हात भरून इलो," तो म्हणाला, आणि पुन्हा पहिल्यापासून टाळ्यांचं सांगू लागला.

रविवारी संध्याकाळी सातला रंगपटात त्याच्या डोक्यावर किरीट चढला. बाहेर मृदंग वाजू लागला. पेटाऱ्यातल्या गणपतीला हात जोडल्याशिवाय इथे कोणी रंगमंचावर पाऊल टाकत नाही.

डावा हात छातीशी आला.

उजवा आला नाही.

आखडला नव्हता, दुखत नव्हता. जत्रेत वडीलधाऱ्याचं बोट धरलेल्या पोराचा असतो तसा, अंगापासून जरा दूर होता.

"हात जोड रे, वेळ जाता!"

"येना रे भिकाजी."

भिकाजीने चिडून त्याचा पंजा पकडायला हात घातला. घातला तसा भाजल्यासारखा मागे घेतला. आपला तळवा पाहिला, धोतराला पुसला.

"थंय," तो अगदी हळू म्हणाला, "थंय दुसऱ्या हाताक जागो ना."