उतरवणी कुणाची?

"दारापर्यंत आणलंत ना? मग उतरवा की," ती म्हणाली.

"आणणं आमचं, मॅडम. उतरवणं तुमचं." ट्रकमधल्या पांढऱ्याशुभ्र बाथटबात मांडी घालून बसलेला तो म्हणाला. "करारात तसंच ठरलंय. जहाजाचं भाडं आमचं, ट्रक आमचा... पण ट्रक इथे उभा राहिला, की पुढे फुटलं-तुटलं सगळं तुमचं."

विकणाऱ्या कंपनीनं मालासोबत धाडलेला माणूस टबात बसून कायदा शिकवेल, असं तिला वाटलं नव्हतं. तिचं डोकंच फिरलं. त्यातून तो बरोबर बोलत होता. स्वस्त पडते म्हणून ही अट तिनंच निवडली होती. बाबांनी दुकानाची परदेशी ऑर्डर पहिल्यांदाच तिच्यावर सोपवलेली. ही फसली की दुकान चुलतभावाकडे जाणार. आणि बाबा उताराखालच्या बेकरीत चहा पीत होते.

"नका हलू. बसा तिथेच." तिनं फळी लावली, दुसऱ्या टबाला दोर बांधला आणि तो चाकांच्या पाटावर ओढायला लागली. ओतीव लोखंड ते, ढिम्म हलेना.

तो उठलाच आणि मागून टब ढकलायला लागला. "साहेबांनी बजावलंय, हात लावायचा नाही. लावला की जबाबदारी आमची."

"मग लावताय कशाला?"

"तुम्ही चिडलात की बघवत नाही... म्हणजे, बघतच राहावंसं वाटतं."

टब एव्हाना रस्त्यावर आला होता.

"हे बघा—" तिनं बोट उगारलं. बोट उगारायला हात लागतो, आणि तिचा हात दोरावर होता.

टब सुटला. तो टबाला आडवा धावला. टबानं त्याला अलगद पोटात घेतलं आणि सगळी वरात उतारावरून थेट बेकरीच्या पायरीवर. टबाचा मोठ्ठा टवका उडाला. कप हातात धरून बाबा बाहेर आले.

"कुणाचा हा पराक्रम?"

"माझा, काका," टबातून आवाज आला. "दोर माझ्या हातून सुटला."

ती धापा टाकत पोचली. नुसतं गप्प राहिली असती तरी सुटली असती.

"खोटं बोलतायत हे. दोर मी सोडला. ह्यांना मधे पडायला सांगितलं कुणी?"

"पण हात तर मी लावला, म्हणजे जबाबदारी—"

"माझी चूक आहे. माझी मला राहू द्या."

बाबांनी दोघांकडे पाहिलं, चहा संपवला. "पुढची ऑर्डर देशील तेव्हा उतरवणी ह्यांच्याच गळ्यात घाल. आता न्या हे वर." ते आत गेले.

पुढची ऑर्डर... तिनं हसू ओठांत दाबलं.

"धरा. आणि माझ्याकडे बघू नका."

"मग कुठे बघू?"

"टबाकडे."

तो खरंच मान खाली घालून टबाकडे बघत ढकलायला लागला. चार पावलं झाली, सहा झाली... तिचं डोकं पुन्हा फिरलं.

"माझं इतकंही ऐकायला नको होतं," ती म्हणाली.