अंगठ्याची जागा

माझं काम पायांचं आहे. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, धुलाईखोलीला लागून आमची कार्यशाळा आहे. तिथे मी एकवीस वर्षं कृत्रिम पाय बनवतो आहे. पूर्ण पाय, गुडघ्याखालचे पाय, आणि कुणाची नुसती बोटंच गेली असतील तर बुटात बसवायचे भराव. माणूस दारातून आत आला की मी त्याच्या तोंडाकडे नंतर बघतो, आधी चपलेकडे. टाच कुठल्या बाजूने उतरली, तळ कुठे पातळ झाला, एवढ्यावरून त्याचा कुठला गुडघा दुखतो हे मला सांगता येतं, आणि मी ते सांगतोही. बायको म्हणते, तुम्ही माणसं ओळखत नाही, वहाणा ओळखता. तिचं म्हणणं खोटं नाही.

त्यामुळे जुनी मोटरसायकल बघायला गेलो तेव्हा इंजिनाच्या आधी माझी नजर गिअरच्या दांडीवर गेली. विकणारा घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. जन्मभर डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे समोरच्या माणसाकडेही तो एकच डोळा बारीक करून बघायचा. गाडी काळी, अकरा वर्षांची, टाकीवर ओरखडा नाही, सीट एका जागीही उसवलेली नाही. दांडीच्या टोकावरचं रबर मात्र विचित्र झिजलं होतं. डावा पाय दांडीवर ठेवला की अंगठा इंजिनाकडे येतो आणि करंगळी बाहेर. सगळ्यांची रबरं अंगठ्याशी झिजतात, कारण जोर त्याचा असतो. इथे अंगठ्याची जागा कोरी करकरीत होती, आणि बाहेरच्या टोकाला खोल, तिरका खळगा पडला होता.

मी तिथल्या तिथे निदान केलं. ही गाडी चालवणाऱ्याच्या डाव्या पायाला अंगठा नाही. शेजारचं बोटही नसावं.

म्हातारा उंबऱ्यात अनवाणी उभा होता. मी खाली पाहिलं. दहाही बोटं जागच्या जागी होती.

दुसरं कोण चालवायचं, असं मी विचारलं. कोणी नाही, तो म्हणाला. पहिल्या दिवसापासून एकट्यानेच चालवली होती.

"आणि तिसरा गिअर मी टाकत नाही," तो म्हणाला. "सगळी वर्षं दुसऱ्यावर चालवली. तुम्हीही दुसऱ्यावरच चालवा. सुखी राहाल."

मला हसू आलं. म्हातारी माणसं वेगाला भितात. बाकीच्या सवयी त्याने तासभर समजावून सांगितल्या. जुनी गाडी विकताना माणूस तिच्या खोडांना सवयी म्हणतो, हे मला माहीत होतं. चोक अर्धाच ओढायचा, किक तिसरीच लागते, न्यूट्रलचा हिरवा दिवा खोटं बोलतो. मग किल्ली माझ्या हातावर ठेवून तो आत गेला, आणि मी किक मारायच्या आत त्याने दाराला कडी घातल्याचा आवाज आला.

पहिला आठवडा आमची ओळख होण्यात गेला. या गाडीला पहिला गिअर खाली आणि बाकीचे चार वर. पहिला खटकन पडायचा. दुसरा जरा कुरकुरत. तिसऱ्याला पाय उचलला की दांडी जागची हलायची, पण गिअर पडायचा नाही. इंजिन मोकळं ओरडायचं, गाडी नुसती घरंगळायची आणि मागचे हॉर्न मारायचे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाय मारला की एकदाचा पडायचा. मी मेकॅनिककडे गेलो. त्याने गिअरबॉक्स उघडून एकेक चक्र वर्तमानपत्रावर मांडलं, बोट फिरवून पाहिलं आणि सगळं नव्यासारखं आहे म्हणाला. गाडीत काही नाही, पायाला शिकवा, असा सल्लाही दिला.

हे मी घरी सांगायला नको होतं. माझा धाकटा भाऊ आमच्याकडेच राहायचा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई होती तोवर तिच्या गळ्यातला ताईत, आई गेल्यावर माझ्या बायकोचा लाडका दीर. अग्निशमन दलात त्याची निवड जवळजवळ झाली होती. लेखी झालं होतं, डॉक्टरी तपासणी झाली होती, शेवटची मैदानी परीक्षा तेवढी उरली होती. दोरावर चढायचं, खांद्यावर माणूस घेऊन पळायचं. घरात दुसरा विषय नव्हता. मेकॅनिकचं बोलणं ऐकून तो जेवता जेवता म्हणाला, "दादा, नाचता येईना अंगण वाकडं." बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझं त्याच्यावर प्रेम नव्हतं असं नाही. पण तो खोलीत आला की दिवा लागल्यासारखी माणसं त्याच्याकडे वळायची, आणि मी होतो तिथेच असायचो. हे मला सलायचं. आता लपवण्यात अर्थ नाही.

मी दांडीचं रबर बदललं. स्वतःच्या हाताने नवं बसवलं. माझ्या पायाला दहा बोटं आहेत, झीज कुठे व्हायला हवी हे मला ठाऊक होतं. सोळाव्या दिवशी वाकून पाहिलं. अंगठ्याची जागा कोरी. बाहेरच्या टोकाला तिरका खळगा.

मी बूट काढून पाहिला. बुटावर झीज अंगठ्यावरच होती, जशी असायला हवी तशी. म्हणजे माझा पाय एका जागी लागत होता आणि रबर दुसऱ्या जागी झिजत होतं. मी रबराच्या दर्जाला दोष दिला.

त्याच सुमारास अंगठा बधिर व्हायला लागला. आधी नुसता गार पडायचा. मग तिसरा गिअर चुकला की त्यात सुई टोचल्यासारखं व्हायचं, आणि शेजारच्या बोटातही. नख काळं पडलं. आमच्याच हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना दाखवलं. रक्त, साखर, नसा, सगळं तपासलं. काही निघालं नाही.

एका सकाळी मी कार्यशाळेतला कॉर्कचा तुकडा बुटात घातला, असा की अंगठा आणि शेजारचं बोट मागे दुमडून राहतील आणि दांडीला लागणारच नाहीत. गाडी काढली. पहिला, दुसरा, आणि तिसरा. तिसरा इतका अलगद पडला की मला आधी कळलंच नाही.

दोन किलोमीटर मी तसाच गेलो. मग रस्त्याच्या कडेला थांबलो. गाडी बिघडलेली नव्हती. तिला एक विशिष्ट पाय हवा होता आणि तो ती तयार करून घेत होती.

मी तर्काने चालणारा माणूस आहे. मी स्वतःशी म्हटलं, हा योगायोग आहे. आणि योगायोगच असेल, तर गाडी दुसऱ्या कुणी चालवली म्हणून काय बिघडणार?

धाकट्याला मैदानावर सरावाला जायला रोज दोन बस बदलाव्या लागत. गाडी द्याल का, असं त्याने आधी वहिनीकरवी विचारलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मी किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो उठून माझ्या गळ्यातच पडला. बायकोने बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. गाडीच्या सगळ्या सवयी मी त्याला सांगितल्या. चोक, किक, हिरवा दिवा. तिसऱ्याबद्दल एवढंच म्हणालो की तो जरा हट्टी आहे.

चौथ्या दिवशी माझा अंगठा ऊबदार झाला. आठवड्यात नखाच्या मुळाशी गुलाबी कोर दिसायला लागली. मी बसने कामावर जायचो आणि बुटातल्या बुटात अंगठा हलवून बघायचो. फार बरं वाटायचं.

परीक्षेला सहा दिवस होते. धाकटा सरावाहून आला आणि दारातच बसून डावा पाय चोळायला लागला.

"बूट घट्ट होतायत बहुतेक," तो म्हणाला. "अंगठ्याला मुंग्या येतात."

तेव्हा सांगता आलं असतं. किल्ली काढून घेता आली असती. मी बायकोकडे पाहिलं, ती त्याच्यासाठी पाणी गरम करायला उठली होती. मी ताकास तूर लागू दिली नाही.

"मोठ्या मापाचे घे," मी म्हणालो.

चार दिवसांनी सकाळी सव्वानऊला, लख्ख उन्हात, एका वळणावर त्याचा तिसरा पडला नाही. गाडीचा जोर गेला, ती डावीकडे कलंडली, आणि मागून पाण्याचा टँकर येत होता. टँकरवाल्याने ब्रेक मारला होता. चाक बुटाच्या टोकावर येऊन थांबलं. बाकी त्याच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

शस्त्रक्रियेनंतर भराव बनवण्यासाठी वॉर्डातून चिठ्ठी येते. ती माझ्याच टेबलावर आली. वर भावाचं नाव, खाली डॉक्टरांचं अक्षर. डावा पाय, अंगठा आणि दुसरं बोट, मुळापासून, तिरका छेद.

मी चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांखाली ठेवली आणि त्या दिवशीचं काम संपवलं.

बायको वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. रडून झालं होतं तिचं.

"भावजींना गाडी का दिलीत?" तिने विचारलं. "तुम्हाला ती चालवायची नव्हती म्हणून?"

"त्यानेच मागितली होती," मी म्हणालो. ते खरं होतं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

मोटरसायकलला काहीही झालं नव्हतं. एक आरसा तेवढा फुटला होता. चौकीच्या आवारातून मी ती सोडवून आणली. ढकलत आणणार होतो, पण ऊन फार होतं. शेवटी किक मारली.

पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा, चौथा, पाचवा. लोण्यातून सुरी जावी तसे.

मी तिच्यावरून कामावर जायला लागलो. घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि रस्त्यावर ती इतकी गोड चालायची की खरं सांगतो, मी सकाळची वाट बघायचो. दुसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट कळली. पाय उचलायच्या आत गिअर पडलेला असायचा. मी क्लच दाबायचो, आणि दांडी आपणहून वर जायची, बुटाला न लागता. मग मी डावा पाय फूटरेस्टवर नुसता ठेवायला लागलो.

धाकटा अजून वॉर्डातच होता. जखम भरत नव्हती. मी संध्याकाळी त्याच्याजवळ अर्धा तास बसायचो. परीक्षेचा विषय तो काढायचा नाही. खिडकीबाहेर बघत बसायचा. गालाची हाडं वर आली होती.

"दादा, एक विचारू?" एके दिवशी तो म्हणाला. "नसलेली बोटं हलतात का?"

मी त्याला समजावलं. सगळ्यांनाच होतं. अवयव गेल्याचं मेंदूला उशिरा कळतं, नसा जुनेच निरोप पाठवत राहतात. हे मी शेकडो लोकांना सांगितलं आहे.

"तसं नाही," तो म्हणाला. "मी हलवत नाही ती. कोणीतरी हलवतं. रोज सकाळी, पावणेनवाच्या सुमाराला. आधी एकदा खाली. मग वर, वर, वर. थोडा वेळ थांबतं. मग परत. आणि संध्याकाळी, तू गेलास की लगेच."

"दुखतं?"

"दर वेळी नव्याने तुटल्यासारखं," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "नर्स म्हणते, ओरडू नका, बाकीच्यांना त्रास होतो."

हळूहळू कमी होईल, असं मी सांगितलं.

मी घरून पावणेनवाला निघतो. दुसऱ्या दिवशी मुद्दाम सव्वादहाला निघालो. खात्री करून घेणं माझ्या स्वभावात आहे.

संध्याकाळी तो मला बघून हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"आज पावणेनवाला आलंच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, सुटलो. तासभर झोप लागली. आणि मग सव्वादहाला..." त्याने माझा हात धरून ठेवला. "जरा बस ना. तू आहेस तोवर येत नाही."

मी आणखी पाच मिनिटं बसलो. मग त्याची बोटं एकेक करून सोडवली, पांघरूण नीट केलं आणि खाली आलो. गाडी सावलीत उभी होती, सीट गार होती.

हॉस्पिटलपासून घर सरळ रस्त्याने दहा मिनिटांवर आहे. त्या दिवशी मी टेकडीवरच्या रस्त्याने गेलो. लांब पडतो, पण हवा छान असते. चढ आणि वळणं मात्र भरपूर आहेत, गिअर सारखे बदलावे लागतात.