डाव्या हाताच्या गाठी

ही गोष्ट एकोणीसशे एकसष्ट सालची. त्या वर्षी थंडीने मुक्काम चांगलाच लांबवला होता. मग एका सकाळी वारा फिरला, तळ्याचं करडं पाणी निळं दिसू लागलं आणि काठावरच्या घराघरांतून माळ्यावरची जाळी खाली उतरली. कुठे बुचं रंगवणं, कुठे शिशाची वजनं बांधणं, कुठे होडीच्या फटी बुजवणं... हंगाम तोंडावर आला की कुणाला मान वर करायला सवड नसे.

जाळी विणणाऱ्याच्या मुलीला सगळे ‘सुई’ म्हणत. अंगाने तशी आणि जिभेनेही तशीच. त्या सकाळी ती धक्क्याच्या पायऱ्या उतरत होती आणि खालून एकजण खांद्यावर जाळं टाकून वर येत होता. जाळ्याच्या विणीतलं एक घर तिच्या कोटाच्या बटणात अडकलं.

“हलू नका,” तो म्हणाला. “हंगामातला पहिला मासा आहे.”

“मासा नाही, काटा आहे! घशात रुतायच्या आत सोडवा.”

तो हसला — आणि हसता हसता एकदम गप्प झाला, दुखवट्याच्या घरात आवाज चढल्यासारखा. तेव्हा तिने ओळखलं. हा धाकटा. याचाच भाऊ मागच्या हंगामात वादळात बुडाला होता. थोरला राहिला नाही, तरी लोक याला धाकटाच म्हणत.

बटण सुटायला वेळ लागला... घाई दोघांनाही नव्हती.

“तुमच्याकडेच निघालो होतो,” तो म्हणाला. “दादाचं जाळं आहे. नीट करून द्या.”

त्यानंतर तो रोज दुकानाशी घुटमळू लागला. कधी सूत पाहायला, कधी उगाचच.

“झालं का?”

“तुम्ही उजेडात उभे राहिलात तर कसं होणार?”

“मग आत येऊन बसू?”

“बसा. पण तोंडाला गाठ मारून.”

तो बसायचा. ती खाली मान घालून विणायची आणि त्याची नजर आपल्या बोटांवर आहे, हे तिला न पाहताच कळायचं.

जाळ्याच्या मध्यावर एक जुनं ठिगळ होतं. त्यातल्या गाठी उलट्या बाजूला कललेल्या. कुणा नवशिक्याचं काम, असं तिला वाटलं. धंद्याची रीतच अशी, की कच्चं काम कापून शाबूत घरांपर्यंत जायचं आणि तिथून नवं विणायचं. तिने कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने जमिनीवरचा तो तुकडा उचलला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता पाहत राहिला.

“दादा डावरा होता,” तो म्हणाला. “हे त्याच्या हातचं होतं.”

सुईच्या हातातलं सूत तसंच राहिलं.

“शहरात मामाने गिरणीत माझ्यासाठी काम बघून ठेवलंय. आई म्हणाली, पाण्यावर जायचंच असेल तर थोरल्याचा हात असलेलं जाळं घेऊन जा, नाहीतर गिरणीत जा. आता... गिरणीच.”

“तो तुकडा इथेच ठेवा,” ती म्हणाली. “आणि मी बोलावेपर्यंत येऊ नका.”

टाकाऊ सुतावर ती डाव्या हाताने गाठी मारायला शिकू लागली. बोटं ऐकेनात, कातडी सोलली. बाप करवादला, “कापलेलं कुणी परत जोडतं का? लोक म्हणतील, म्हातारा काम विसरला!” मग तिच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं. त्याने विणायच्या सुईवर सूत भरलं आणि ती तिच्या डाव्या बाजूला ठेवली.

ठिगळ जागेवर बसलं तेव्हा तिने धाकट्याला बोलावलं आणि त्याच्याबरोबर जाळं घेऊन थेट त्याच्या आईसमोर उभी राहिली.

आईने जाळं मांडीवर घेतलं. तिची बोटं गाठीगाठीवरून फिरली... आणि कडेला थबकली.

“इथून पुढे माझ्या लेकाचं नाही.”

“नाही,” सुई म्हणाली. “न विचारता मी कापलं होतं. मधलं त्याचंच आहे. कडेच्या गाठी माझ्या.”

“तू डावरी आहेस?”

“नाही.”

चुलीवरचं पाणी उकळून गेलं, तरी कुणी उठलं नाही.

“त्याच्या गाठीसुद्धा पहिल्या वर्षी अशाच वाकड्या यायच्या,” आई शेवटी म्हणाली. जाळ्याची नीट घडी घालून तिने ते धाकट्याच्या हातांत दिलं. “अंधार पडायच्या आत घरी यायचं.”

बाहेर आल्यावर धाकट्याने तिची सोललेली बोटं हातात घेतली.

“हे सगळं... कशासाठी केलंस?”

“तू गिरणीत गेला असतास, तर माझं बटण कुणाच्या जाळ्यात अडकलं असतं?”

“मी परत येईन तेव्हा धक्क्यावर असशील?”

“असेन,” ती म्हणाली. “रोज.”

आणि ती होती. त्याच हंगामात त्यांचं लग्न झालं. बाप डोळे अधू होईपर्यंत विणत राहिला. शेवटी नुसत्या बोटांनी विणायचा. आई सुनेच्या हातचं खाऊन खूप जगली. दिवस कलला की दोघी धक्क्यावर उभ्या राहायच्या, पण ‘इथे का’ असं त्यांनी एकमेकींना कधी विचारलं नाही. धाकट्याचे केस पिकले, तरी तो धाकटाच राहिला. पाण्याने त्याला नेलं नाही. तो गेला तो घरात, अंथरुणावर, तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

सुताची जाळी गेली, नायलॉनची आली. सुई आता ऐंशीच्या घरात आहे. वारा फिरला की ती काठी टेकत धक्क्यावर जाते, कुणाचं तरी फाटलेलं जाळं न विचारता पुढ्यात ओढते आणि गाठी मारू लागते — डाव्या हाताने.