पाट्या टिकल्या तेव्हा

बागेचे साहेब, दोष तुमचा आहे. झाडांच्या नावांच्या कागदी चिठ्ठ्या पावसानं धुऊन गेल्या, म्हणून खामगावच्या छापखान्यातून माणूस तुम्ही मागवलात. महिनाभर पाण्यात बुडवूनही नाव पुसलं नाही, तरच पाटी पसंत, असं बजावलंत. पाटीचं सगळं पाहिलंत. माझं काय होईल, ते पाहिलं नाहीत.

बैलगाडीतून छपाईचं हातयंत्र उतरवताना मी निवृत्तीला पहिल्यांदा पाहिलं. बोटं शाईनं काळी, आणि डोळे... जाऊ द्या. माझे वडील तुळशीराम या बुलढाण्याच्या बागेचे माळी. झाडांची नावं सांगायला त्यांनी मला धाडलं.

"हे कोणतं झाड?"

"बहावा. काऊन, ओळखू येत नाही?"

"फूल कुठं हाये त्याले?"

"मंग पान पाहा ना! तुमी माणूसही पागोट्यावरूनच ओळखता काय?"

तो हसला. "मले तर पागोटंच नाही. मले कशावरून ओळखशीन?"

"बोटांवरून," मी म्हणाले — आणि जीभ चावली.

तो कागदावर नाव छापायचा, खळीनं टिनावर चिकटवायचा, वरून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात द्यायचा. तेल वाळेपर्यंत हात रिकामे. मग तो मला अक्षरं शिकवायचा, छापखान्याच्या, टोकावर एकेक अक्षर असलेल्या शिशाच्या खिळ्यांवरून. एकेक खिळा माझ्या तळहातावर ठेवायचा. खिळा गार, त्याचं बोट ऊन... बाहेर भुरभुर, तेलाचा उग्र वास लुगड्यात मुरलेला, आणि मला वाटायचं, मी जमिनीवर नाहीच — कुठंतरी पानांच्या उंचीवरून चालते आहे.

हौदात बुडवलेली पहिली पाटी आठ दिवसांत सुटली. दुसरी पंधरा दिवसांत. तो कपाळाला हात लावायचा. मी मनातल्या मनात हौदाला हात जोडायची.

तिसऱ्या खेपेला त्यानं टिनाच्या कडा आणि पाठही तेलात माखली. महिना गेला. नाव जसंच्या तसं.

"वाच बरं," तो म्हणाला.

मी पाहतच राहिले. एक अक्षर लागेना!

तो मटकन खाली बसला. "अवं, खिळ्यावर अक्षर उलटं असते. मी तुले समदं उलटंच शिकवलं!"

"म्हणजे साऱ्या मुलखात मी एकटीच येडी?"

"एकटी कायची? मीही तसंच वाचतो... दोघं हावो आपण."

साहेब, दुसऱ्याच दिवशी तुमचा हुकूम आला — बाकीच्या पाट्या खामगावातच छापून पाठवा. गाडी जुंपली गेली. निवृत्ती यंत्राला दोर बांधत होता. मी त्याच्या पेटीतले खिळे काढले, त्याच्या खिळे जुळवायच्या लोखंडी पट्टीत एकामागं एक लावले, आणि पट्टी त्याच्या पुढ्यात धरली.

त्यानं वाचलं. कान लाल झाले.

"हे... छापून घेऊ कागदावर?"

"काही नोको. छापलं का मले वाचता येत नाही."

"कोकिळा, तुह्ये बाबा मागं उभे हायेत."

"माहीत हाये. म्हणूनच इचारून राह्यली. माय-बापाले घेऊन मागणी घालाले कव्हा येता? वार सांगा. गाडीवान थांबीन, बैल थांबतीन... बोला!"