वरची फेरी

माझी बायको वर्षाराणी मला चालीवरनं ओळखायची. गल्लीच्या तोंडाला माझी चप्पल वाजली की आतनं आवाज यायचा, "आधी हात धुवा, मग कडीला हात लावा!" मी कधी धुवायचो नाही. लग्नापासनं माझ्या अंगठ्याचं ग्रीस लागून लागून आमच्या दाराच्या कडीवर काळा डाग पडलेला, बंद्या रुपयाएवढा. तिनं चिडायचं, मी हसायचं, आमच्या दोन्ही पोरी खिदळायच्या. एवढंच आमचं प्रेम, पण रोजचं होतं.

मी केरबा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गिअरबॉक्सचं काम करतो. तोंडाचा फाटका आणि हाताचा पक्का असं लोक म्हणतात, आणि दोन्ही खरं आहे.

अमरसिंह माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी त्यांच्या आजोबांचा पेट्रोलवरचा जुना ट्रक आणून माझ्या दारात उभा केला. पेठ वडगावला त्यांच्या घरचं काहीतरी कार्य होतं, त्यात त्यांना तो मिरवायचा होता. म्हणाले, "केरबा, समदं चालतंय. चोर गिअर तेवढा पडंना."

असल्या ट्रकांना नेहमीच्या गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक लहान डबा असतो आणि त्याला वेगळा दांडा. इंग्रजीत ओव्हरड्राइव्ह. आमचे जुने ड्रायव्हर त्याला चोर गिअर म्हणायचे. मोकळ्या रस्त्यावर तो टाकला की इंजिन चार फेऱ्या मारतं आणि मागचा शाफ्ट पाच मारतो. इंजिन गप्प, पेट्रोल कमी, गाडी सुसाट. यात जादू काही नाही. सायकलचं मोठं चक्र पायाखाली एकदा फिरतं तोवर मागचं लहान चक्र दोन-अडीचदा फिरतं, तसंच हे. वेग वाढतो, जोर कमी होतो. फुकट काही मिळत नाही.

डबा उघडला तर आतली कॉलर खलास. ही कॉलर मागं सरकून दातांत बसली की चोर गिअर पडतो. हिच्या दातांच्या झिजून गोट्या झालेल्या. नवीन मिळायचा प्रश्नच नाही. लेथवर करून घेतली तर पाणी देताना, म्हणजे तापवून कडक करताना, चिरली. परत केली, परत चिरली. तिकडं अमरसिंहांचे फोन चालूच. "जमत नसंल तर सांग, पुण्याला नेतो." असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं.

शेवटी इचलकरंजीचा भंगारवाला अझीम म्हणाला, "केरबादा, वाडीला असलाच एक ट्रक पडलाय, नदीकडच्या मळ्यात. पर तिथली म्हातारी लई खट हाय."

नृसिंहवाडीत देवळाकडं न वळता मी थेट मळ्यात गेलो. आंब्याच्या गच्च सावलीत ट्रक रुतलेला, हौद्यात एरंड उगवलेला. घराच्या दारात म्हातारी उभी, बायडाबाई.

"पावणं, कोन पायजे?" कुत्र्यालासुद्धा कुणी असं विचारत नाही.

मी काम सांगितलं.

"न्या की. कोन आणून टाकलाय द्येवाला ठावं. माझी जागा अडवून बसलाय."

बाहेरच्या कट्ट्यावर एक म्हातारा खाली मान घालून बसलेला. बायडाबाईनं जर्मनची ताटली लांबनंच त्याच्याकडं सरकवली. त्यात एक भाकरी आणि खरडा.

"ह्यो जोतीराम," ती त्याच्यादेखत म्हणाली. "येडं हाय. म्हणतंय, मी तुझा नवरा. माझं लगीनच झालं न्हाय, तर नवरा कुठनं यील? द्येवाच्या गावात कुणी उपाशी ऱ्हाऊ ने, म्हणून घालती तुकडा."

मी ट्रकखाली शिरलो. नट गंजलेले, एकेक करून शिव्या देत काढले. बघतो तर म्हातारा शेजारी उकिडवा बसलेला.

"कॉलर काढतुयास?"

"व्हय."

"ह्यो ट्रक म्या चालवलाय. इंजान चार फिरतंय, शाफ्ट पाच. वरची एक फेरी कुणाची?"

मी त्याला सायकल सांगितली. जोर कमी होतो, हिशोब बसतो, सगळं सांगितलं.

"बसतोय की हिशोब," तो म्हणाला. "इंजानातनं घेत न्हाय त्यो. चालवणाऱ्यातनं घेतोय. म्हणून तर चोर."

"बाबा, बाजूला व्हा. पाना लागंल."

तो हलला नाही. "तिच्या पाठीवर डाव्या अंगाला भाजल्याचा डाग हाय. माझ्याबिगर कुणाला ठावं? जा, इचार जा तिला."

मी कशाला विचारतोय? कॉलर निघाली. एवढ्या गंजात तिला गंजाचा कण नव्हता. दात नव्यासारखे, आणि हाताला कोमट लागली. उन्हात लोखंड तापतंच, असं मी मनाशी म्हटलं. ट्रक सावलीत होता हे वाटेत आठवलं.

कॉलर जागेवर अशी बसली की तिचीच जागा होती. दुसऱ्या दिवशी एकट्यानंच गाडी शिरोलीच्या पुढं हायवेला काढली आणि मागचा दांडा ओढला. खट्ट. इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला आणि ट्रक पुढं सरकला. लोण्यातनं सुरी जावी तसा! अंगातनं कुणी ओझं उतरवून घ्यावं तसं हलकं वाटलं. वा रे पठ्ठ्या, मी स्वतःलाच म्हटलं.

परत आल्यावर चहाच्या गाड्यावर गेलो. "पावणं, साखर चालंल न्हवं?" चहावाल्यानं विचारलं. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडं बिनसाखरेचा पितोय. "सकाळी सकाळी चढवलीस काय रं?" मी म्हटलं. त्यानं साखर घालूनच कप पुढं केला.

संध्याकाळी घरी गेलो. गल्लीत चप्पल वाजली, पण आतनं आवाज आला नाही. कडी वाजवावी लागली.

"कोन हाय?"

"कोन म्हंजे? दुसरा कोन येणाराय?"

तिनं दार उघडलं. "आज चाल येगळीच वाटली तुमची," म्हणाली. जेवताना ती सारखी माझ्याकडं बघत होती, एखाद्याचं नाव ओठावर यावं आणि सापडू नये तशी. मी चेष्टा केली. पण अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो.

सकाळी अमरसिंह शेजारी बसले आणि आम्ही वडगावला निघालो. मी ठरवलेलं, काही झालं तरी तो दांडा ओढायचा नाही. म्हाताऱ्यावर माझा विश्वास नव्हता, पण वर्षाराणीची ती नजर डोळ्यांसमोरनं हलत नव्हती.

हायवे मोकळा लागला.

"टाक की," अमरसिंह म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या आज. जरा बसू द्या तिला."

"का? अजून जमलं न्हाई वाटतं? तरी म्हणत हुतो, पुण्याला न्यावा."

डोकं सटकलं. ओढला दांडा.

"नाद खुळा!" अमरसिंहांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "केरबा, मानलं तुला!" त्यांचा हात माझ्या खांद्यावर राहिला. झाडं मागं पळत होती, इंजिन पुटपुटत होतं.

मग तो हात हळूच उचलला गेला.

"तू कोन रं?"

"चेष्टा करू नका, मालक."

"माझ्या गाडीत कसा आलास? उतर खाली!" ते दाराला चिकटले होते. माणूस सोंग करतो तेव्हा त्याचे ओठ असे पांढरे पडत नाहीत. "चोर! चोर हाय ह्यो! थांबव गाडी!"

मी दांडा पुढं ढकलला. हलेना. क्लच दाबून सगळा जोर लावला. आत काहीतरी दातांनी धरून बसलेलं. शेवटी इंजिन बंद करून गाडी कडेला घातली.

लोक जमले. चार हात पडले, शर्ट फाटला. मी नाव सांगत होतो, पत्ता सांगत होतो. कुणी ऐकेना.

तिथनंच वर्षाराणीला फोन लावला.

"राँग नंबर," ती म्हणाली.

परत लावला. उचलला नाही.

मिळेल त्या गाडीनं कोल्हापूर गाठलं. दिवेलागण झालेली. गल्लीत मी मुद्दाम चप्पल घासत चाललो. दारापाशी आलो, कडीला हात घातला.

"कडीला हात लावू नका!"

जीव भांड्यात पडला. ओळखलं! माझी बायको मला विसरंल व्हय?

दार बोटभर उघडलं.

"पावणं, कोन पायजे?"

मी सगळं बोललो. रडलो. मोबाईलमधला लग्नाचा फोटो दाखवला. तिनं तो नीट बघितला आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या फोटोत सवताला चिकटवून आणलंय व्हय? लाज न्हाय वाटत?"

मग मी ती चूक केली.

"तुझ्या पोटावर, बेंबीच्या वर तीळ हाय," मी म्हटलं. "माझ्याबिगर कुणाला ठावं?"

ती किंचाळली.

शेजारची आक्का लाटणं घेऊन धावली. माझ्या दोन्ही पोरींच्या बारशाला पहिला पाळणा तिनं म्हटलेला. "कुणाच्या दारात आलायस मुडद्या? एकटी बाई बघून?"

एकटी.

"पोरी कुठं हायत?" मी विचारलं.

"कसल्या पोरी?" आक्का म्हणाली.

मला गल्लीबाहेर काढलं. थोड्या वेळानं मी परत येऊन समोरच्या कट्ट्यावर बसलो. जाऊ कुठं? कुणी हाकललं नाही. दमले असतील.

दार उघडलं. वर्षाराणी जर्मनची ताटली घेऊन आली. त्यात एक भाकरी, थोडा खरडा. तिनं ती लांबनंच माझ्याकडं सरकवली.

"खावा आणि जावा, पावणं."

मग ती दाराशी वाकली. हातात ओलं फडकं, चिमूटभर राख. कडीवरचा तो डाग ती घासायला लागली.

"आक्का, ह्यो डाग कवा पडलाय की? कशाचा म्हणायचा?"

"ग्रीस दिसतंय. जोर लावून घास."

तिनं जोर लावला. डाग गेला.