भुणभुण न करणारी पिकअप

जवाहरनगरच्या क्वार्टरसमोर पांढरी पिकअप गाडी येऊन थांबली, तेव्हा रिता आधीच रागात होती. त्या गाडीला मासोळ्यांचा वास येत होता आणि ती नेमकी आईच्या जास्वंदीला खेटून उभी राहिली, त्यामुळे तो राग आणखी दोन बोटं वर चढला.

ड्रायव्हर उतरला. उंच, सावळा, बाह्या दुमडलेला. डोळ्यांत उगाचच हसू.

"रिता मॅडम तुमीच का जी?"

"हाव. काय पायजे?"

"मले काय पायजे? तुमालेच पायजे होती ना… घ्या, आली पिकअप."

रिताने गाडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग मोबाइल काढून स्वतःचाच मेसेज वाचला. कलाकारांच्या ग्रुपवर काल तिने रागारागात लिहिलं होतं — 'अर्जंट पिकअप पायजे. दमदार. जड अन् हलकं, दोन्हीले चालन असं. भुणभुण नको.' खाली कुण्या मुन्नाचं उत्तर होतं, 'हाव जी, उद्या आणतो.'

"दीड टन आरामात उचलते," तो बोनेटवर हात फिरवत सांगत होता. "हलका माल असला तरी उडत नाही. अन् भुणभुणीचं म्हणाल, तं सायलेन्सर आत्ताच बदलवला."

"गिटारचा पिकअप!" रिता ओरडली. "तारांच्या खाली बसवते तो! लोहचुंबक असते, त्याच्याभोवती तांब्याची तार गुंडाळली असते. तुमी काय गाडी घेऊन आले?"

"मंग तसं लिहाचं ना."

"कलाकारांच्या ग्रुपवर आणखी काय लिहू? तुमी कोणते कलाकार लागून गेले?"

"मी साउंडवाल्याच्या पेट्या वाहतो, म्हणून ग्रुपवर. बाकी दिवस मासोळ्या." तो हसला. "कलाकार नाही मी. पर कार्यक्रम झाला का कलाकार लोक माझ्याच गाडीत बसून घरी जातात."

रिताला हसू आलं असतं. पण त्या दिवसांत तिच्यात हसायला जागाच नव्हती.

त्याचं कारण हेमराजभाऊ. त्यांची भीमगीतांची पार्टी, आणि रिताची आई रत्नमाला त्या पार्टीची मुख्य गायिका. रत्नमालेला तरुणपणी नुसत्या पेटी-ढोलकीवर गाताना ज्यांनी ऐकलंय, त्यांना तो आवाज अजून आठवतो. माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतलं माणूस जागचं हलायचं नाही. आता पार्टीत कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला आणि एका कोपऱ्यात रिताची गिटार. ती गिटार ऐन गाण्यात दुबळी पडायची. आवाज वाढवला की जनरेटरसोबत भुणभुण करायची. साकोलीच्या कार्यक्रमात तर हेमराजभाऊंनी माईकवरूनच सांगितलं, "गिटार बंद करा." शेकडो लोकांसमोर! खाली उतरल्यावर म्हणाले, "पवनीच्या मेळाव्यात आणखी एक बार पायतो. नाही जमलं, तं गिटारचा आवाज मी कीबोर्डवरच काढतो. तू कोरसमधी उभी राय."

कोरसमध्ये! टाळ्या वाजवायला! रिताने आईकडे पाहिलं, तर आई खाली मान घालून शालीची घडी घालत होती. "मी बोलली, तं पोरीची बाजू घेतली म्हणतील," एवढंच ती घरी आल्यावर म्हणाली होती.

आता मात्र तीच दारात येऊन उभी राहिली. "कोणाचा रे तू?"

"पवनीच्या गिरजाबाई ढिवरणीचा नातू, काकू."

"गिरजाबाईचा?" रत्नमालेचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तिच्या टोपलीतल्या मासोळ्या खाऊन वाढली मी. काटा लागला, तं स्वतः भाताचा घास भरवायची."

"नागपूरले चाललो, काकू, बर्फाचे डब्बे आणाले. मॅडमले दुकानात सोडतो. मेसेज त्यायचा चुकला, वाचणं माझं चुकलं… अर्धं अर्धं."

"माझं काहीच चुकलं नाही!" रिता म्हणाली, आणि गिटार घेऊन गाडीत जाऊन बसली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापलेल्या बांध्यांत लाखोळी फुलली होती, निळी निळी. रिता तिकडेच पाहत राहिली. एका खड्ड्याआधी मुन्नाने गाडी हळू केली, गळ्यातला दुपट्टा काढला आणि न बोलता तिच्याकडे सरकवला. गिटारखाली ठेवायला. पुढच्या प्रत्येक खड्ड्याला तो असाच हळू होत होता. हे आपल्याला का कळतंय… याचाही तिला राग आला.

दुकानदार भला माणूस असेल, पण बोलत होता मुन्नाशी. "भाऊ, हे घेऊन टाका. सर्वांत जोरदार. मॅडमला काही समजायची गरज नाही, नुसतं लावा आणि वाजवा."

रिताचे कान तापले. ती तोंड उघडणार, तोच मुन्ना शांतपणे म्हणाला, "मले कायले सांगता जी? मी मासोळ्या विकतो. गिटार त्यायची हाय."

मग रिता बोलली, आणि अशी बोलली की दुकानदाराने चार डबे खाली काढले. तिने एकेक लावून ऐकला. जो सर्वांत जोरदार होता, त्याच्यातून जड गाणं असं निघालं की काच थरथरली. पण तीच बोटं हलकी केली, तर प्रत्येक सूर चिखलात रुतलेला.

"हा आईच्या आवाजावर बसन," ती पुटपुटली. "तिले दाबून टाकन."

दुसरा जोराला थोडा कमी होता, पण त्यातला सूर न् सूर वेगळा ऐकू येत होता. शिवाय त्यातून जोडणीच्या चार तारा निघत होत्या. म्हणजे आतल्या दोन गुंडाळ्या हव्या तेव्हा वेगळ्या करता येणार. बटण दाबलं की दोन्ही मिळून जड आवाज, ओढलं की एकटीचा हलका.

"हाच," रिता म्हणाली.

"मस्त हाय," मुन्ना म्हणाला.

"तुमाले काय समजलं त्याच्यातलं?"

"काईच नाही. पर तुमच्या कपाळावरची आठी गेली ना… तेवढं दिसलं."

ती आठी लगेच परत आली. गाल मात्र लाल झाले, ते काही रागाने नव्हे.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी ती अंगणात सोल्डरिंग करायला बसली. मुन्ना साउंडच्या पेट्या न्यायला त्याच बाजूला आला होता. तो गिटार धरून बसला. तिच्या केसांची बट पुढे यायची, तिचे दोन्ही हात गुंतलेले, आणि तो मान वळवून जास्वंदीकडे पाहायचा. जुना पिकअप निघाला, तेव्हा कळलं की त्यातली एक गुंडाळी केव्हाच मेली होती. बिचारी दुसरी एकटीच ओढत होती, म्हणून तर ती भुणभुण.

नवा जोडला. रिताने तार छेडली…

डब्यात माशी कोंडल्यासारखा आवाज! वर भुणभुण पहिल्यापेक्षा जास्त.

"तुमी हलवलं!" ती किंचाळली. "जोडताना गिटार हलवली तुमी!"

"नाही जी, मी तं श्वास पण…"

"खोटं नका बोलू! तुमच्या मासोळ्यांच्या हातानं सत्यानाश झाला. उद्या मले कोरसमधी उभं राहा लागन!"

मुन्ना उठला. पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत हसू नव्हतं.

"हात मासोळ्यांचेच हायत, मॅडम. आजीचे पण होते, बापाचे पण होते. धुऊन आलो होतो… तुमची गिटार हाय म्हणून." त्याने गिटार खाटेवर अलगद ठेवली. "येतो. काकूले सांगा."

गाडी गेली. रिता रडली नाही, कारण रडायचाही तिला राग येत होता. तिने पुन्हा झाकण उघडलं, दुकानातून आणलेला तारांचा कागद समोर धरला… आणि तिचा हात थांबला. एका गुंडाळीच्या दोन तारा तिनेच उलट्या जोडल्या होत्या. स्वतःच्या हाताने, रागाच्या भरात. म्हणून दोघी एकमेकींचा सूरच खाऊन टाकत होत्या, आणि उरली होती ती नुसती भुणभुण.

तिने तारा फिरवल्या. छेडलं. सगळं अंगण भरून गेलं.

"हे झालं," आतून आई म्हणाली. "आता दुसरं जोड."

"कोणतं?"

"मले कायले विचारते? त्याचं तोंड एवढंसं होऊन गेलं, खिडकीतून दिसलं मले."

पवनीला ऊन कलताना मेळावा सुरू झाला. वैनगंगेवरून गार वारा येत होता. जनरेटर घरघरत होता, हेमराजभाऊ कीबोर्डमागून तिच्याकडेच पाहत होते. रिताने बटण दाबलेलं ठेवलं आणि पहिला सूर मारला. भारदस्त, खोल, मांडवाच्या बल्ल्यांत शिरणारा. लोक वळले. पोरं उभी राहिली. भुणभुण? नावालाही नाही. मग रत्नमालेने मान वर केली, आणि रिताने बटण ओढलं. आवाज एकदम कोवळा झाला, आईच्या ओळीखाली पायघडीसारखा पसरला. त्या हलक्या आवाजात किंचितशी कुणकुण असेलही, पण ऐकायला कोण मोकळं होतं? मागच्या रांगेतलं माणूसही जागचं हललं नाही.

गाणं संपल्यावर हेमराजभाऊ कीबोर्डची वायर गुंडाळत म्हणाले, "कोरससाठी दुसरी पोरगी पाहा लागन." तेवढंच. रिताला ते पुरलं.

मुन्ना पेट्या चढवत होता. तिच्याकडे न पाहता. ती जाऊन उभी राहिली. तिला पुन्हा स्वतःचाच राग आला.

"दोन गुंडाळ्या असतात," ती एकदम म्हणाली. "दोघी उलट्यासुलट्या. नीट जोडल्या तरच भुणभुण मरते, सूर दुप्पट होते. मी… मीच तार उलटी जोडली होती. तुमी नव्हती हलवली."

"हं." त्याने दोर आवळला.

"अन् हाताचं बोलली ते… नव्हतं बोलाले पायजे. माफ करा."

"हं."

"हं काय हं! आणखी काय म्हणू?"

तो पुढचा दोर आवळू लागला. तिने तावातावाने मोबाइल काढला, काहीतरी लिहिलं. मुन्नाच्या खिशात फोन वाजला. मांडवात हेमराजभाऊंचा वाजला. ढोलकीवाल्याचा वाजला. आईचाही. रागारागात तिने परत ग्रुपवरच पाठवलं होतं.

'पिकअप पायजे. जड अन् हलकं, दोन्हीले चालन अशी. अर्जंट नाही. कायमची.'

मुन्नाने वाचलं. हळूच. दोनदा. हसू आधी डोळ्यांत आलं, मग ओठांवर.

"गिटारचा का… चाकांची?"

"चाकांची!" ती फणकारली. "ड्रायव्हरसगट!"

"भुणभुण झाली तं?"

"होईनच ना! तू काय कमी हायस?" ती 'तू' म्हणून गेली, आणि स्वतःच दचकली.

मागून रत्नमालेचा आवाज आला, माईकशिवाय, पण साऱ्या घाटाला ऐकू जाईल असा, "मुन्ना, सावकाश ने रे तिले. खड्डे हायत."

त्याने गळ्यातला दुपट्टा काढला आणि सीटवर पसरला. या वेळी गिटारसाठी नव्हे.